ट्रॉमा-इन्फॉर्म्ड थेरपी सुरू करताना: थेरपिस्टची निवड, पहिल्या भेटी आणि तुमचे हक्क

मनावर झालेल्या जुन्या आघातासाठी मदत घ्यायची म्हटले की अनेकांना एकाच गोष्टीची धास्ती वाटते: अनोळखी माणसासमोर बसून सगळे पहिल्यापासून सांगावे लागेल. या धास्तीपोटी थेरपिस्टचा नंबर मोबाईलमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतो. काही जण धीर करून जातात, तिथे ‘झालं गेलं विसरून जा’ किंवा ‘थोडी तडजोड करा’ असे ऐकून परत येतात आणि पुढची कित्येक वर्षे कुणाकडेच जात नाहीत.

पुण्यात खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या थेरपिस्टकडे जायचा विचार तुम्ही करत असाल, तर आधी काय तपासावे, फोनवर काय विचारावे आणि पहिल्या काही भेटींत काय अपेक्षित आहे, याची माहिती या लेखात आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- पहिल्या भेटीत घटना सविस्तर सांगण्याची गरज नसते. ‘याबद्दल आत्ता बोलायचं नाही’ एवढे सांगणे पुरेसे आहे.
- आधी सुरक्षितता, मग आठवणी. हा क्रम पाळणारा थेरपिस्ट शोधा.
- जात, लिंग, पैसा, धर्म, लैंगिकता यांतून आलेला त्रास हा थेरपीचाच विषय आहे.
- ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ ही पदवी नाही. पाटीवर हे शब्द असले तरी शिक्षण आणि अनुभव विचारावा.
- थेरपिस्ट बदलण्याचा हक्क तुम्हाला कायम आहे.

ट्रॉमा म्हणजे काय?

जिवाला, शरीराला किंवा अब्रूला धोका निर्माण करणारा आणि त्या क्षणी आपल्या आवाक्याबाहेर गेलेला अनुभव मनावर आणि शरीरावर जी खूण ठेवतो, तिला ट्रॉमा म्हणतात. कधी ती एकच घटना असते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर किंवा ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर कोसळलेली दरड, या अशा घटना आहेत. रस्त्यावरचा अपघात किंवा अचानक झालेला हल्लाही यातच येतो.

दुसरा प्रकार वर्षानुवर्षे चालणारा असतो. घरातली मारहाण, लहानपणी जवळच्या नातेवाइकाकडून झालेला लैंगिक अत्याचार, वडिलांच्या दारूमुळे रोजची भीती, शाळा-वसतिगृहात जातीवरून होणारा अपमान. इथे बोट ठेवावे अशी एक तारीख नसते. त्यामुळे ‘आपल्या बाबतीत तर तसं मोठं काही झालंच नाही’ असे माणूस स्वतःलाच सांगत राहतो.

अशा आघातानंतर दिसणाऱ्या त्रासांपैकी पीटीएसडी हा एक आजार आहे. घटना पुन्हा घडत असल्यासारखी डोळ्यांसमोर येणे, तिची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसे टाळणे, सतत सावध राहणे, झोप उडणे ही त्याची मुख्य लक्षणे आहेत. ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या कामात अडथळा आणू लागली, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ हे वेगळे निदान आले आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. या निदानात वरील लक्षणांसोबत भावना सावरता न येणे, स्वतःबद्दल कमीपणा आणि शरम वाटत राहणे, जवळच्या नात्यांत अडचणी येणे यांचाही विचार होतो.

आघात अनुभवलेल्या प्रत्येकाला पीटीएसडी होत नाही. बरेच लोक आधार आणि वेळ मिळाल्यावर सावरतात. निदानाचा शिक्का नसला तरी त्रास होत असेल, तर मदत घ्यायला हरकत नाही.

आधी एकदा फॅमिली डॉक्टरांना भेटा

ट्रॉमाचा त्रास अनेकदा शरीराच्या तक्रारी घेऊन येतो. छातीत धडधड, अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी, ओटीपोटात दुखणे, पहाटे तीनला जाग येणे, हातापायांना मुंग्या. ईसीजी नॉर्मल येतो, सोनोग्राफी नॉर्मल येते आणि घरी ‘तुला काही झालेलं नाही’ असा निकाल लागतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्रास खोटा असतो असे नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. थायरॉइडचा विकार, रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे, व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता, साखर कमी-जास्त होणे यांमुळेही धडधड, थकवा, चिडचिड आणि उदासी येते. म्हणून थेरपी सुरू करण्यापूर्वी किंवा सोबत एकदा साधी तपासणी करून घ्या. छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येऊन पडणे अशा तक्रारी ‘टेन्शनमुळे’ असतील असे स्वतः ठरवू नका.

डॉक्टरांना पूर्ण गोष्ट सांगावी लागत नाही. ‘पूर्वी काही वाईट घडलं आहे, त्याचा त्रास अजून होतो, मी थेरपी सुरू करणार आहे’ एवढे एक वाक्य पुरते. शरीराची तपासणी करताना कुठे हात लावलेला चालत नसेल किंवा सोबत कुणी हवे असेल, तर तेही आधी सांगा.

ट्रॉमा-इन्फॉर्म्ड थेरपी वेगळी कशी?

अमेरिकेतील ‘साम्सा’ या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये या पद्धतीची सहा तत्त्वे मांडली: सुरक्षितता, पारदर्शकता, समदुःखी लोकांचा आधार, बरोबरीने काम करणे, निवडीचे स्वातंत्र्य, आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांची जाण. सोप्या भाषेत सांगायचे तर ‘तुझ्यात काय बिघडलंय?’ या प्रश्नाऐवजी ‘तुझ्यावर काय गुदरलंय आणि त्यातून तू तग कसा धरलास?’ या प्रश्नापासून काम सुरू होते.

मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिला सुरक्षितता मिळवण्याचा, दुसरा आठवणींना सामोरे जाण्याचा आणि गमावलेल्याचा शोक करण्याचा, तिसरा माणसांत आणि आयुष्यात पुन्हा रुजण्याचा. हे टप्पे सरळ रेषेत येत नाहीत, मागेपुढे होतात. पण पहिला टप्पा सोडून थेट दुसऱ्यावर उडी मारली, तर त्रास वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही, नुकत्याच आघातातून गेलेल्या लोकांना एकाच बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत वापरू नये असे म्हटले आहे.

पुढच्या टप्प्यासाठी पुरावा असलेल्या पद्धती आहेत. ट्रॉमावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस त्याच सूचनांत आहे. एका घटनेच्या आघातासाठी अशा उपचारांची साधारण ८ ते १२ सेशन धरली जातात. लहानपणापासून चाललेल्या आघातासाठी यापेक्षा बराच जास्त काळ लागू शकतो. ‘तीन सेशनमध्ये ट्रॉमा काढून टाकतो’ अशी हमी कुणी दिली, तर सावध व्हा.

सामाजिक भान कशासाठी?

समजा, मराठवाड्यातून आलेली एक मुलगी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. घरी जमीन थोडी, लग्नाची घाई, ही तिसरी संधी. अभ्यासिकेत तिचे आडनाव विचारून लोक बोलण्याचा सूर बदलतात. तिला छातीत धडधड होते, झोप लागत नाही. तिला फक्त श्वासाचे व्यायाम शिकवले आणि ‘सकारात्मक विचार कर’ म्हटले, तर तिच्या त्रासाचा मोठा भाग खोलीबाहेरच राहतो. वर ‘मीच कमजोर आहे’ ही भावना पक्की होते.

सामाजिक भान असलेला थेरपिस्ट या गोष्टी बाजूला ठेवत नाही. जातीवरून झालेला अपमान सांगितल्यावर ‘आता पुण्यात कुठे जात राहिलीय?’ असे तो म्हणत नाही. नवऱ्याची मारहाण हा ‘संवादाचा अभाव’ ठरवत नाही. गे, लेस्बियन किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तीला ‘बदलण्याचा’ प्रयत्न करत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशी तथाकथित कन्व्हर्जन थेरपी डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवली आहे. तुमच्या बोलीतले शब्द तो सुधारत बसत नाही. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मराठवाडी बोलीत तुम्हाला जे सांगता येते, ते प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत सांगता येईलच असे नाही.

याला कायद्याचाही आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार एखाद्याची सामाजिक-आर्थिक स्थिती किंवा समाजाच्या रूढ मूल्यांशी न जुळणे, यावरून मानसिक आजार ठरवता येत नाही. कलम १८ मध्ये लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग, अपंगत्व अशा कारणांवरून भेदभाव न होता सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. हा कायदा घडवण्याच्या कामात पुण्यातील आयएलएस विधी महाविद्यालयाच्या ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’चे डॉ. सौमित्र पाठारे यांचा सहभाग होता. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या बापू ट्रस्टने शहरातील वस्त्यांमध्ये जाऊन, गरिबी आणि भेदभाव लक्षात घेऊन मानसिक आरोग्याचे काम उभे केले.

या विचाराला पुण्यात त्याहूनही जुनी मुळे आहेत. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी इथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. संकटात सापडलेल्या विधवांना तिथे गुपचूप येऊन सुरक्षित बाळंत होता येत असे, आणि बाळ तिथे ठेवायचे की सोबत न्यायचे हे त्यांनीच ठरवायचे होते. सुरक्षित जागा, गुप्तता आणि निर्णय त्या बाईच्या हातात: आजही चांगल्या थेरपीत हेच पाहायचे असते.

कोण कोण असतात आणि शिक्षण कसे तपासावे?

- मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट: एमबीबीएसनंतर मानसिक आजारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. निदान करतात, औषधे देऊ शकतात. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते.
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: मानसिक चाचण्या आणि थेरपीचे विशेष प्रशिक्षण घेतलेले. यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका.
- समुपदेशक किंवा सायकोथेरपिस्ट: बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू आणि त्यानंतर थेरपीचे प्रशिक्षण. यांच्यात उत्तम काम करणारे खूप आहेत. मात्र प्रशिक्षणात मोठा फरक असू शकतो, म्हणून चौकशी महत्त्वाची.

‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’, ‘हीलर’, ‘लाइफ कोच’ हे शब्द कुणीही लावू शकते. दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेचे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचे देखरेखीखालचे प्रशिक्षण यांत फरक आहे.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न

बरेच थेरपिस्ट सुरुवातीला १०-१५ मिनिटे फोनवर बोलतात. हे प्रश्न कागदावर लिहून ठेवा:

- तुमचे शिक्षण काय? ट्रॉमावर काम करण्याचे प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतले?
- तुमच्या कामावर वरिष्ठ थेरपिस्टची देखरेख, म्हणजे सुपरव्हिजन, आहे का?
- मला काही गोष्टी लगेच सांगायच्या नाहीत. तुम्ही कशी सुरुवात करता?
- जात, लैंगिकता, घरातील हिंसा अशा विषयांवर तुम्ही काम केले आहे का?
- सेशन मराठीत होईल का?
- फी किती? सेशन रद्द केले तर काय? कमी फीच्या काही जागा आहेत का?
- दोन सेशनच्या मध्ये खूप त्रास झाला तर तुमच्याशी संपर्क करता येतो का? नसेल तर मी कुणाला फोन करायचा?
- आपल्या ओळखीची माणसे एकच आहेत का?

शेवटचा प्रश्न पुण्यात विशेष महत्त्वाचा आहे. एकाच सोसायटीत, एकाच भिशीत किंवा नात्यात ओळख निघते. तसे असेल, तर दुसरा थेरपिस्ट पाहणे बरे.

उत्तरे किती भारी शब्दांत आली यापेक्षा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा सूर कसा होता, ते पाहा. चांगला थेरपिस्ट प्रश्नांनी चिडत नाही.

पैशांचे गणित आधी मांडा

सेशन साधारण ५० ते ६० मिनिटांचे आणि बहुधा आठवड्यातून एकदा असते. समजा, फी १,५०० रुपये आहे. महिन्याला चार सेशन म्हणजे ६,००० रुपये, तीन महिन्यांचे १८,०००. हे झेपणारे नसेल तर पहिल्याच फोनवर सांगा. अनेक थेरपिस्ट उत्पन्नानुसार फी कमी करतात किंवा पंधरा दिवसांतून एकदा भेटायची सोय करतात. पैशांअभावी मधेच अचानक थांबण्यापेक्षा सुरुवातीलाच झेपेल अशी आखणी केलेली चांगली.

२०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देतात. बाहेरून घेतलेल्या सेशनची फी त्यात येतेच असे नाही, म्हणून पॉलिसी वाचून घ्या. हिंजवडी-खराडीतील अनेक आयटी कंपन्या कर्मचाऱ्यांना काही मोफत सेशन देतात. ती घेण्यापूर्वी कंपनीला कोणती माहिती जाते, ते विचारा.

पहिल्या काही भेटींत काय होते?

पहिल्या भेटीत थेरपिस्ट तुमची संमती घेतो, गोपनीयतेचे नियम सांगतो आणि सध्याचा त्रास, झोप, औषधे, व्यसन, स्वतःला इजा करण्याचे विचार यांबद्दल विचारतो. आत्महत्येबद्दल थेट विचारले म्हणून घाबरू नका. तो काळजीपूर्वक केलेल्या तपासणीचा भाग आहे.

घटनेबद्दल फक्त ‘मथळा’ सांगितला तरी चालतो. ‘लहानपणी नात्यातल्या माणसाकडून त्रास झाला’ हे एक वाक्य. तपशील कधी सांगायचा, की सांगायचाच नाही, ते तुम्ही ठरवा. खुर्ची दाराजवळ हवी, दार थोडे उघडे हवे, मधे थांबायचे असेल तर हात वर करीन, असे लहान करारही करून घेता येतात.

पुढच्या काही भेटी बहुधा स्थिरता मिळवण्यात जातात. त्रास उसळला की वर्तमानात परत कसे यायचे, ते शिकवले जाते. उदाहरणार्थ, पाय जमिनीवर टेकवून खुर्चीचा आधार जाणवून घेणे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मनात घेणे, गार पाण्याने हात धुणे. डोळे मिटून दीर्घ श्वास घेतल्यावर काही जणांची भीती वाढते. तसे होत असेल तर डोळे उघडे ठेवा आणि थेरपिस्टला सांगा. त्या व्यायामाला पर्याय असतात.

सेशननंतर एक-दोन दिवस थकवा, रडू, विचित्र स्वप्ने येऊ शकतात. शक्य असेल तर सेशन संपल्यावर लगेच मीटिंग ठेवू नका आणि मन सुन्न असताना गर्दीतून दुचाकी चालवू नका. थोडे बसा, चहा प्या, मग निघा. मात्र दर सेशननंतर आठवडाभर काम सुचत नसेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल किंवा मधला वेळ आठवतच नसेल, तर वेग जास्त आहे. हे स्पष्ट सांगा. वेग कमी करणे थेरपिस्टचे काम आहे.

पाच-सहा भेटींनंतर दोघांनी मिळून आढावा घ्यावा. झोप थोडी सुधारली का, टाळत असलेली एखादी गोष्ट जमली का, थेरपिस्टला ‘नाही’ म्हणता येते का? ‘नाही’ म्हणता येणे हीसुद्धा प्रगतीच आहे.

गोपनीयता: काय गुप्त राहते आणि काय नाही

२०१७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार मानसिक आरोग्य सेवा घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवली पाहिजे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या परिस्थितींत अपवाद होतो. प्रत्येक समुपदेशक या कायद्याच्या व्याख्येत बसतोच असे नाही, म्हणून गोपनीयतेचे नियम लेखी संमतीपत्रात मागा. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तुमच्या बोलण्यात असा विषय येणार असेल, तर थेरपिस्ट काय करेल हे आधीच विचारा.

तुम्ही सज्ञान असाल, तर फी आई-वडील किंवा नवरा भरत असला तरी सेशनमध्ये काय बोललात ते त्यांना परस्पर सांगता येत नाही.

कायद्याइतकीच घरातली गोपनीयताही जपावी लागते. मोबाईल दुसऱ्याच्या हातात जात असेल, तर थेरपिस्टचा नंबर कोणत्या नावाने ठेवायचा, मेसेज कधी पाठवायचे, यूपीआयने पैसे देताना शेऱ्यात काय लिहायचे, हे ठरवून घ्या. ऑनलाइन सेशनसाठी दोन खोल्यांच्या घरात जागा मिळत नसेल, तर गच्ची, उभी असलेली गाडी किंवा मैत्रिणीची खोली चालू शकते. हेडफोन लावा, आणि कुणी अचानक आले तर वापरायचा एक ठरलेला शब्द थेरपिस्टला सांगून ठेवा. घरात हिंसा चालू असेल, तर ऑनलाइनपेक्षा बाहेर जाऊन प्रत्यक्ष भेटणे अधिक सुरक्षित ठरू शकते.

या खुणा दिसल्या तर थांबा

- पहिल्याच भेटीत नको म्हणूनही तपशील खोदून विचारणे.
- ‘तू तिथे गेलीसच का?’, ‘एवढी वर्षं गप्प का बसलास?’ असा दोष देणे.
- अत्याचार करणाऱ्याला माफ करण्याचा किंवा त्याच्याशी जुळवून घेण्याचा आग्रह.
- जात, धर्म, लैंगिकता, रंग, भाषा यांवर टोमणे किंवा विनोद.
- परवानगीशिवाय स्पर्श, सेशनबाहेर भेटण्याचा आग्रह, पैशांचे किंवा लैंगिक संबंध.
- डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करायला सांगणे.

एखाद्या वाक्याने मन दुखावले असेल, तर ते बोलून दाखवा. चांगला थेरपिस्ट ऐकतो, चूक मान्य करतो. टोमणे किंवा दोषारोप चालूच राहिले, तर भेटी थांबवा. नको असलेला स्पर्श किंवा लैंगिक वागणूक झाली, तर पुन्हा जाऊ नका. कारण सांगणे तुमच्यावर बंधनकारक नाही. नोंदणीकृत व्यावसायिकाविरुद्ध त्याच्या नोंदणी संस्थेकडे तक्रार करता येते. थेरपिस्ट नुसताच जुळत नसेल तर ‘मी इथे थांबतो आहे’ असा मेसेजही पुरेसा आहे. एका ठिकाणी जमले नाही, म्हणून थेरपीच आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढू नका.

औषधे लागतात का?

प्रत्येकाला लागत नाहीत. नैराश्य खोल असेल, झोप पूर्ण उडाली असेल किंवा लक्षणांमुळे थेरपीत बसणेच अशक्य होत असेल, तर मनोविकारतज्ज्ञ औषध सुचवू शकतात. औषध आणि थेरपी सोबत चालू शकतात. सुरू केलेले औषध स्वतःहून एकदम बंद करू नका.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्यांबाबत विशेष काळजी घ्या. त्यांची सवय लागू शकते. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाची लक्षणे कमी करण्यासाठी या गटातील औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचना सांगतात. ओळखीच्या मेडिकलमधून किंवा शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवर त्या घेऊ नका.

खासगी थेरपी परवडत नसेल तर

ससून सर्वोपचार रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि येरवडा येथील प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग इथे सरकारी सेवा मिळते. बाह्यरुग्ण विभागात गेले म्हणून कुणी दाखल करून घेत नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर दिवसरात्र कधीही, मराठीतही बोलता येते. घरात दारूचे व्यसन असेल, तर १९८६ पासून काम करणारे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कुटुंबीयांनाही आधार देते.

ताबडतोब मदत केव्हा घ्यावी?

जीव द्यावासा वाटत असेल, तशी योजना मनात तयार असेल, स्वतःला इजा केली असेल, किंवा आत्ता घरात मारहाण चालू असेल, तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयाच्या तातडी विभागात जा किंवा ११२ वर फोन करा. बोलण्यासाठी १४४१६ आहे. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. शक्य असेल तर विश्वासाचे एक माणूस सोबत घ्या.

पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ गृहीत धरते, आणि तिला काळजी व उपचार देणे ही सरकारची जबाबदारी मानते.

तातडीची परिस्थिती नसेल, तर या आठवड्यात एवढेच करा: दोन-तीन थेरपिस्टची नावे काढा, वरच्या प्रश्नांपैकी तुम्हाला महत्त्वाचे वाटणारे चार प्रश्न निवडा आणि एकाला फोन लावा. पहिल्या फोनवर तुमची कहाणी सांगायची नाही. प्रश्न तुम्ही विचारायचे आहेत.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निदान आणि उपचारांसाठी तज्ज्ञांचा प्रत्यक्ष सल्ला घ्या.*